माहीमच्या बखरींतील साहासष्ट कुळें

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर शके १८४६ (इ. स. १९२४) मध्यें छापून प्रसिद्ध केली, त्यास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. उत्तर कोंकणच्या वसाहतीविषयीं लिहावयास बसणारा प्रत्येक अभ्यासक या बखरीकडे वळतो, आणि बखरीपेक्षांही तिच्या विस्तृत प्रस्तावनेकडे अधिक वळतो. आम्हीही तेंच करीत आलों. शाळेंत इतिहास शिकवीत असतां, पैठण व चांपानेर या बाजूंनीं निघून कोंकणांत उतरलेल्या साहासष्ट कुळांची कथा आम्हीं कित्येक वर्षें मुलांस निश्चित इतिहास म्हणून सांगितली. ती कथा त्या रूपांत सांगण्याजोगी नाहीं, असें आतां आमचें मत झालें आहे. मत बदलण्याचीं कारणें विद्वानांपुढें ठेवावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रसंग असा घडला. सेवानिवृत्तीनंतर आमचें वास्तव्य गुरुकुंज मोझरी येथें आहे. गेल्या हिवाळ्यांत शेजारच्या खेड्यांतील एक वृद्ध शेतकरी आपल्या नातवास घेऊन आमच्याकडे आले. जवळच्या रुमालांत वंशावळीचा एक लांब मोडी कागद होता. अक्षरावरून पाहतां तो फार तर दीडशें वर्षांचा असावा. परंतु त्याच्या आरंभींच, मूळ पुरुष देवगिरीच्या धामधुमींत देश सोडून वऱ्हाडांत आला, असें लिहिलेलें होतें. नातवाच्या मनांत शेत विकून पुण्याकडे जावें असें होतें. वृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, याले सांगा, आपला मूळ पुरुष इथं काऊन आला ते.” त्यावर नातू म्हणाला, “तोही गाव सोडूनच आला ना, गुरुजी? मग मी गेलो तर काय बिघडलं?” आम्हीं सवयीप्रमाणें माहीमच्या बखरीचा दाखला दिला, व धामधुमीच्या काळांत कुळेंच्या कुळें कशीं निघत आणि नव्या मुलुखांत गांवें कशीं वसवीत, तें रंगवून सांगितलें. दोघेही समाधानानें गेले. समाधान आमचें मात्र झालें नाहीं. त्याच रात्रीं बखर पुन्हां काढून वाचावयास घेतली.

प्रथम ग्रंथाचें स्वरूप सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळ घोटाळा त्याच्या विस्मरणानें होतो. ज्यास आपण एक बखर म्हणतों तो एका हातचा ग्रंथ नव्हे. त्याचीं सहा प्रकरणें आहेत. तीं निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या लेखकांनीं रचलेलीं आहेत. त्यांत केशवाचार्यानें रचलेला भाग सर्वांत जुना, शके १३७० (इ. स. १४४८) मधील, आणि नवा भाग शके १५०० च्या सुमाराचा. म्हणजे ग्रंथ बनत असतां सुमारें एकशेंतीस वर्षें गेलीं. ज्या मूळ स्थलांतराची कथा तो सांगतो तें शके १०६० (इ. स. ११३८) मधलें. जुन्यांतला जुना लेखकही त्या घटनेपासून तीनशें दहा वर्षें दूर आहे. इतक्या अंतरावरून बोलणारा साक्षीदार न्यायासनापुढें आला असतां, ‘तुला हें कोणीं सांगितलें?’ असा प्रश्न त्यास प्रथम विचारला जाईल.

कथा थोडक्यांत अशी. प्रतापबिंब नांवाचा राजा चांपानेरकडून पैठणच्या वाटेनें येऊन उत्तर कोंकण जिंकतो. दमणपासून वाळकेश्वरापर्यंतचा किनारा त्याच्या हातीं येतो. केळवें-माहीम म्हणजे महिकावती ही त्याची राजधानी होते. देश ओसाड पडलेला असल्यामुळें तो पैठण, चांपानेर इत्यादि ठिकाणांहून साहासष्ट कुळें आणवितो. त्यांत सोमवंशी २७, सूर्यवंशी १२, शेषवंशी ९ आणि बाकीचीं पांचाळ, कुणबी, लाड इत्यादिकांचीं. या कुळांस गांवें व वृत्ति मिळतात. पुढें देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी झाल्यावर बिंबदेव नांवाचा यादव पुरुष कोंकणांत उतरतो, आणि तोही माहीमासच आपलें राज्य मांडतो. एक स्थलांतर जय मिळविण्यासाठीं, दुसरें पराजयामुळें. परंतु नायकाचें नांव एक, राजधानीचें नांव एक, आणि दोहोंचें फळही एकच. दोन बिंबांचे दोन काळ कल्पून राजवाड्यांनीं हा गुंता सोडविला. तो खरोखर सुटला कीं केवळ झांकला गेला, याची परीक्षा बखरीबाहेरच्या पुराव्यानेंच होईल.

तो पुरावा दगडावर व तांब्यावर आहे. ज्या शके १०६० मध्यें प्रतापबिंबानें कोंकण घेतलें म्हणून बखर सांगते, त्याच शकाचा शिलाहार राजा अपरादित्य याचा शिलालेख उरणजवळील चांजे येथें आहे. त्यानंतर बारा वर्षांनीं, शके १०७२ मध्यें, हरिपालदेव शिलाहाराचा लेख आगाशी येथें कोरला गेला. दोन सत्ता शेजारीं शेजारीं नांदल्या असतील, असें कोणी म्हणेल. परंतु आगाशी हें गांव वसईच्या परिसरांत, केळवें-माहीम व मुंबई यांच्या मधोमध आहे. ज्या राजाचें राज्य दमणपासून वाळकेश्वरापर्यंत अखंड पसरलें होतें, त्याच्या मुलुखाच्या मध्यभागीं दुसऱ्या राजाच्या नांवें लेख कोरला जावा, हें कसें जमतें? प्रतापबिंब नांवाचा एखादा लहानसा ठाणेदार होऊन गेला नसेल, असें आम्ही म्हणत नाहीं. बखरींतला त्याचा विस्तार मात्र शिलालेखांशीं जुळत नाहीं.

आतां साहासष्ट या संख्येकडे वळूं. येथें आम्हांस जें दिसलें तेंच या लेखाचें मुख्य प्रयोजन आहे. ठाण्याजवळील ज्या बेटास आपण साष्टी म्हणतों, त्याचें जुनें संस्कृत नांव षट्षष्टि, म्हणजे साहासष्ट. षट्षष्टि, सासष्टी, साष्टी असा हा शब्द सरळ उतरत आला आहे. त्याचा अर्थ साहासष्ट गांवांचा प्रदेश. शिलाहार छित्तराज याच्या भांडुपच्या ताम्रपटांत, शके ९४८ (इ. स. १०२६) मध्यें, श्रीस्थानक म्हणजे ठाणें यांत मोडणारा षट्षष्टि विषय स्पष्ट उल्लेखिलेला आहे. यादव रामचंद्राच्या शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ठाणें येथील ताम्रपटांतही तोच विषय त्याच नांवानें येतो. याचा अर्थ असा कीं प्रतापबिंबाच्या म्हणून सांगितलेल्या आगमनापूर्वीं निदान एकशेंबारा वर्षें त्या भूमीचें नांवच साहासष्ट होतें.

मग त्या भूमींत येणारीं कुळेंही नेमकीं साहासष्टच कशीं भरलीं? हा योगायोग आम्हांस मानवत नाहीं. गांवांची संख्या आधींची आहे. ती प्रदेशाच्या नांवांत गोठून राहिली होती. नांवाचा अर्थ पुढील पिढ्यांस लागेनासा झाल्यावर त्यांनीं तो आपल्या पूर्वजांच्या संख्येनें लाविला, असें आम्हांस वाटतें. संख्या भूमीची होती, ती माणसांस जोडली गेली. त्यानंतर ती भरून काढण्यासाठीं याद्या लागल्या. आणि यादी करणाऱ्याच्या काळीं त्या मुलुखांत ज्या ज्या जाती वृत्ति भोगीत होत्या, त्या सर्वांस आरंभींच्या तांड्यांत जागा मिळाली. तपशिलाच्या शेवटीं एकेका कुळानें संख्या पुरी केलेली दिसते, तिचें कारण हेंच असावें.

असें दुसरीकडेही झालें आहे. गोमंतकांत तिसवाडी म्हणजे तीस गांवें व साष्टी म्हणजे साहासष्ट गांवें, असे दोन जुने प्रदेश आहेत. तेथील सारस्वतांच्या परंपरेंतही मूळ कुळें तीस व साहासष्ट, मिळून शहाण्णव, असेंच सांगितलें जातें. सह्याद्रिखंडाच्या आधारें ही कथा फार पसरली. दोन निरनिराळे साष्टी प्रदेश, दोन निरनिराळे समाज, आणि दोन्ही ठिकाणीं गांवांची संख्या तीच कुळांची संख्या. एका स्थळीं जें योगायोग म्हणून सोडून देतां आलें असतें, तें दोन स्थळीं दिसल्यावर रीत मानावी लागतें.

देश ओसाड होता, हें बखरीचें दुसरें विधानही याच कसोटीस लावलें पाहिजे. छित्तराजाच्या ताम्रपटांत षट्षष्टि विषयांतील नौर गांवच्या शेताचें दान आहे. ज्या देशांत शेत दान द्यावयाचें तर त्याच्या सीमा सांगाव्या लागतात, तो देश ओसाड नसतो. शके ११९४ च्या ताम्रपटांत यादवांचा अधिकारी अच्युत नायक हा षट्षष्टींतील वउल गांव बत्तीस ब्राह्मणांस देतो, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें कृष्ण नांवाचा यादवांचा अधिकारी कोंकणावर आहे. म्हणजे इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला, त्यापूर्वीं निदान चोवीस वर्षें साष्टी यादवांच्या कारभाराखालीं होती. त्याच्याही आधीं महादेव यादवानें शिलाहार सोमेश्वराचा समुद्रांत पाडाव केला, हें हेमाद्रीच्या राजप्रशस्तीवरून सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां देवगिरी डळमळल्यावर कोणी यादव पुरुष वा अधिकारी कोंकणांत उतरला असेल, तर तो अनोळखी सीमाप्रांतांत गेला नाहीं. आपल्याच दरबारच्या ठाण्यावर गेला. तेथें आधीं कोळी, आगरी, भंडारी, शेतकरी, ब्राह्मण सर्व होते. नव्यांनीं आपल्या कथेंत जुन्यांची वस्ती पुसून टाकली. वसाहतींच्या कथा बहुधा असेंच करितात. जमीन मोकळी होती असें म्हटल्याशिवाय ती आपली होती असें म्हणतां येत नाहीं.

इतकें झाल्यावर कोणी विचारील कीं मग बखर टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. ती शके १०६० चा पुरावा म्हणून दुबळी आहे. शके १३७० चा पुरावा म्हणून अमोल आहे. केशवाचार्य लिहीत होता त्या वेळीं साष्टी व माहीम गुजरातच्या सुलतानांच्या अंमलाखालीं होतीं. त्यापूर्वीं वीसएक वर्षें, इ. स. १४३० च्या सुमारास, बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार यानें माहीम घेतलें व गुजरातच्या फौजांनीं तें पुन्हां सोडविलें. दोन सुलतानांच्या झुंजींत त्या मुलुखांतील वृत्तिवंतांची काय दशा झाली असेल, हें सांगावयास नको. आजचा धनी उद्यां राहील कीं नाहीं, उद्यांचा धनी आपली वृत्ति मानील कीं नाहीं, याची शाश्वति नव्हती. अशा काळीं मालाडच्या नायकोरावास देवीचा दृष्टान्त होतो, केशवाचार्य पुढें येतो, लोक जमतात, आणि महाराष्ट्रधर्म, कुळें, वंश, गोत्रें, दैवतें व वृत्ति यांचा पाढा वाचला जातो. येथून पुढें आमचा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. त्या जमलेल्या लोकांपुढें ‘आतां येथें राहावें कीं पुन्हां कोठें जावें?’ हा प्रश्न असलाच पाहिजे. केशवाचार्याचा ग्रंथ हें त्या प्रश्नाचें उत्तर होय. आपले पूर्वज एकदां धामधुमींतून आले, त्यांनीं हा देश वसविला, त्यांची संख्या या देशाच्या नांवाइतकीच होती. तेव्हां हा देश सोडावयाचा नाहीं. पूर्वजांच्या स्थलांतराची कथा वंशजांस स्थलांतरापासून परावृत्त करण्यासाठीं लिहिली गेली.

या दृष्टीनें पाहतां राजवाड्यांच्या प्रस्तावनेंतील एक प्रसिद्ध सिद्धान्त आम्हांस मान्य करतां येत नाहीं. या देशांत अन्न सहज मिळत असल्यामुळें सामान्य लोक राज्य कोणाचें याविषयीं बेफिकीर राहिले, असें त्यांचें म्हणणें आहे. सिद्धान्त मोठ्या आवेशानें मांडलेला आहे. परंतु ज्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत तो मांडला, तोच ग्रंथ त्याच्या उलट साक्ष देतो. जो समाज बेफिकीर असतो, तो धनी बदलल्यावर सभा भरवीत नाहीं, वृत्तींच्या याद्या करीत नाहीं, आणि तीनशें वर्षांपूर्वींचे पूर्वज नांवनिशीवार मोजीत बसत नाहीं. राज्य कोणाचें यावर आपल्या गांवचा हक्क अवलंबून आहे, हें त्या लोकांस पुरतें कळत होतें. त्यांच्या हातीं तरवार नव्हती. म्हणून त्यांनीं लेखणी घेतली. यांत राजवाड्यांचा अधिक्षेप करण्याचा हेतु नाहीं. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, हें ज्यांनीं महाराष्ट्रास शिकविलें त्यांचाच मापदंड आम्ही त्यांच्या ग्रंथास लावीत आहों.

बखरींत जें नाहीं, त्याचाही विचार केला पाहिजे. निघण्यापूर्वींची चलबिचल तींत नाहीं. पैठणच्या कोणत्या घरांत जावें म्हणणारे किती होते, राहावें म्हणणारे किती, म्हातारीं माणसें मागें राहिलीं काय, विहीर व देव कोणाच्या हवालीं केले, निघालेल्यांपैकीं परतले किती, याविषयीं एक अक्षर नाहीं. जे पोंचले व स्थिरावले त्यांच्याच वंशजांनीं कथा लिहिली. जे वाटेंत राहिले त्यांची कथा लिहावयास कोणी उरलें नाहीं. म्हणून स्थलांतराची प्रत्येक परंपरा यशाची परंपरा असते, आणि म्हणूनच ‘जावें कीं नाहीं’ या प्रश्नांत ती सल्ला देण्यास अपात्र असते.

याच धामधुमीची दुसरी एक आठवण आमच्या वऱ्हाडांत आहे, आणि तिची रीत निराळी आहे. मोझरीप्रमाणें अमरावती जिल्ह्यांतच असलेल्या रिद्धपुरास म्हाइंभटानें श्रीचक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. चक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर थोडक्याच वर्षांत त्यानें हें काम केलें. ज्यांनीं पाहिलें-ऐकिलें त्यांस गांठून विचारलें, आणि मग लिहिलें. पुढें देवगिरीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहीशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांच्या मुखीं जें राहिलें होतें त्यावरून ग्रंथ पुन्हां उभा केला गेला. त्या वेळीं हिराइसा इत्यादिकांचे पाठ निरनिराळे पडले. ते एकमेकांत मिसळून न टाकतां कोणाचा पाठ कोणता, हें वासना म्हणून नोंदविण्याची चाल त्या पंथांत पडली. गमावलें तें गमावलें म्हणून सांगितलें, आणि आठवलें तें कोणास आठवलें हेंही सांगितलें. महानुभावांची सकळ लिपी उलगडून हें भांडार विद्वानांस उघडें करण्याचें श्रेयही राजवाड्यांसच आहे. दोन्ही पोथ्या एकाच हातांतून गेल्या. रिद्धपुरच्या पोथींतील सावधपणा माहीमच्या पोथीस लावला असता, तर साहासष्टांची संख्या त्यांच्याही डोळ्यांस खुपली असती असें वाटतें.

संग्राहकांस एक विनंति आहे. वंशावळी व कुळकथा आपण हौसेनें जमवितों. त्यांस रेशमी रुमाल मिळतात. कौलनामे मात्र रद्दींत जातात. वास्तविक स्थलांतराचा खरा विचार कौलांत सांपडतो. ओस गांव वसविण्यासाठीं सरकार रयतेस बोलावी, तेव्हां इस्ताव्याचा कौल देई: पहिल्या वर्षीं सारा थोडा, पुढें दरसाल चढता, आणि ठरल्या मुदतीनंतर पुरा. किती वर्षांची सूट मागितली, बैल-बियाण्यास तगाई मिळाली काय, परतावयाची मोकळीक होती काय, या कलमांत जाणाऱ्याची भीति व आशा दोन्ही मोजून लिहिलेल्या असतात. निजाम व नागपूरकर भोंसले यांच्या दुअंमलाचीं वर्षें आणि इ. स. १८०३ मधील अडगांव-गाविलगडची धामधूम या प्रांतानें भोगिली आहे. वऱ्हाडांतील जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत असे कागद ज्यांस आढळतील, त्यांनीं ते वंशावळींइतकेच जपावे व त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या. मूळ पुरुष कोणत्या वंशाचा, यापेक्षां तो कोणत्या अटीवर आला, हें कळणें अधिक मोलाचें आहे.

बखर वाचून झाल्यावर आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांकडे स्वतः गेलों, व मागें सांगितलेलें परत घेतलें. आपल्या कागदांतील देवगिरीचें वाक्य कागदाहून सुमारें साडेपांचशें वर्षें जुन्या गोष्टीविषयीं आहे. त्याचा दुसरा आधार सांपडेपर्यंत तें घराण्याची श्रद्धा म्हणून ठेवावें, इतिहास म्हणून नव्हे, असें त्यांस सांगितलें. त्यांस वाईट वाटलें, तें स्वाभाविक होतें. नातवानें पुन्हां तोच प्रश्न विचारला. मूळ पुरुषाच्या नांवावर राहूंही नये व जाऊंही नये, एवढेंच उत्तर आम्हीं त्यास दिलें. पुण्यास काय मिळेल व येथें काय सुटेल, याच्या दोन याद्या स्वतःच्या हातानें कराव्या, आणि त्या दोन्ही जपून ठेवाव्या. तो गेला किंवा राहिला तरी पुढें कोणा संशोधकास त्या याद्या माहीमच्या बखरीपेक्षां अधिक उपयोगीं पडतील.

गुरुकुंज मोझरी (वऱ्हाड)